पुढचा लेखन-अभ्यासक्रम कोणता? : प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी

आमच्या मुलीसाठी घरी चालू असलेला लेखन-अभ्यासक्रम एप्रिलअखेर संपत आहे. त्याची उभारणी अनुलेखन, श्रुतलेखन आणि तोंडी पुनर्कथन यांवर आहे. चांगल्या गद्यातील उतारा आधी पाहून लिहायचा, मग तसाच एखादा ऐकून लिहायचा आणि वाचलेला मजकूर स्वतःच्या शब्दांत सांगायचा, असा त्याचा आठवड्याचा क्रम असतो. या पद्धतीची मुळे शार्लट मेसन (१८४२–१९२३) या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञांच्या विचारात आहेत. लहान मुलांकडून ‘रचना’ म्हणून काही लिहून घेण्याची घाई करू नये आणि साधारण दहाव्या वर्षापर्यंत तोंडी कथनावर भर द्यावा, असा त्यांचा आग्रह होता. आमची मुलगी आता अकरा वर्षांची आहे. म्हणजे याच पद्धतीच्या हिशेबानेसुद्धा लेखी कामाकडे गांभीर्याने वळण्याची वेळ आली आहे.

त्याच मालिकेचा पुढचा भाग घेणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे आणि तोच घ्यावा असे घरातील निम्मे मत आहे. (निम्मे मत म्हणजे तिचे बाबा.) माझी हरकत मालिकेला नाही. पुढचा भाग केवळ पुढचा आहे म्हणून घेण्याला आहे. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर वय किंवा इयत्ता छापलेली असते, पण मुलाचे लेखन नेमके कोठे अडते हे तिथे छापलेले नसते.

आणखी एक अडचण पहिल्याच दिवशी लिहून ठेवते. मध्यम वयोगटासाठी जे सविस्तर, शिक्षक-पुस्तिकेसह येणारे अभ्यासक्रम आमच्या पाहण्यात आहेत, ते सगळे इंग्रजी लेखनासाठी बेतलेले आहेत. मुलीने मुख्यतः मराठीत चांगले लिहावे अशी आमची इच्छा असल्याने, जो अभ्यासक्रम घेऊ तो मराठीसाठी वळवून घ्यावा लागणार आहे. त्यामुळे मराठीत आणताना त्यातले काय टिकेल, हाही निवडीचा एक निकष राहील.

५ फेब्रुवारी

अभ्यासक्रम पाहण्याआधी लेखन पाहायचे ठरवले आहे. लेखनात सुचणे, सुचलेल्याला वाक्यरूप देणे, ते कागदावर उतरवणे आणि हे सगळे चालू असताना पुढचा मुद्दा डोक्यात धरून ठेवणे, अशी निरनिराळी कामे एकाच वेळी चाललेली असतात. वाचन-लेखनाच्या संशोधक कॉनी जुएल यांनी १९८८च्या सुमारास लेखनक्षमतेचे वर्णन कल्पना सुचणे आणि शब्द बिनचूक लिहिता येणे या दोन घटकांत केले होते. पुढे व्हर्जिनिया बर्निंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात कार्यकारी स्मृतीचा (म्हणजे काम चालू असताना माहिती डोक्यात धरून ठेवण्याच्या क्षमतेचा) आणि स्वनियंत्रणाचा भाग जोडून ते चित्र अधिक गुंतागुंतीचे केले. आमच्या कामापुरता याचा अर्थ असा की, ‘हिला लिहायचा कंटाळा येतो’ हे निदान होऊ शकत नाही.

चाचणी साधी ठेवली आहे. सारख्याच काठिण्याचे माहितीपर उतारे वाचल्यानंतर एकाबद्दल ती बोलेल आणि ते ध्वनिमुद्रित केले जाईल, दुसऱ्याबद्दल ती सावकाश सांगेल आणि मी शब्द न बदलता लिहून घेईन, तिसऱ्याबद्दल ती स्वतः लिहील. त्याशिवाय एक परिच्छेद नुसता पाहून लिहायला द्यायचा, म्हणजे हाताचा वेग कळेल. बोलणेच तोकडे पडले, तर अडचण वाचनात किंवा विषयाच्या माहितीत आहे. बोलणे भरघोस पण सांगून लिहवलेला मजकूर विस्कळीत असेल, तर बोलीचे लेखी भाषेत रूपांतर करणे जमत नाही. सांगून लिहवलेले नीट आणि हाताने लिहिलेलेच तेवढे खुरटे असेल, तर हात आणि शुद्धलेखन आधी तपासावे लागेल, आणि ते निर्दोष निघाले तर एकटीने वाक्य रचण्याचे काम.

९ फेब्रुवारी

विषय वाळवीचे होते, कारण सध्या तिचे वाचन त्याच दिशेने चालू आहे. बोललेला मजकूर लांब, मधूनमधून भरकटणारा, पण कारणपरंपरा शाबूत असलेला निघाला. सांगून लिहवलेला मजकूर थोडा आखूड, तरीही भरीव होता. स्वतः लिहिलेला मात्र एकदम आक्रसला. पाहून लिहिण्याचा वेग पुरेसा आहे आणि शुद्धलेखनातील चुका मोजक्याच प्रकारच्या आहेत, त्यामुळे दोष निव्वळ हातावर टाकता येत नाही.

दोन नमुने शेजारी ठेवते. बोलताना तिने म्हटले : “वाळवीला उघड्यावर राहिलं तर सुकून जायची भीती असते ना, म्हणून ती अन्नाकडे जातानासुद्धा मातीचा बोगदा करत करत जाते, आणि तो कुठे फुटला की लगेच बुजवते.” त्याच गोष्टीशी संबंधित तिचे लेखन असे : “वाळवीला ऊन चालत नाही. ती मातीचा बोगदा करते. मग ती बोगदा दुरुस्त करते.”

माहिती जवळपास तीच आहे. गळाले आहेत ते सांधे. बोलताना ‘ना’, ‘म्हणून’, ‘की लगेच’ आणि आवाजाचा चढउतार यांनी जे जोडले गेले होते, ते कागदावर येताना सुटे झाले आणि त्यांच्या जागी ‘मग’ येऊन बसले. तिच्या जुन्या वह्या चाळल्यावर दिसले की ‘मग’, ‘नंतर’ आणि ‘आणि’ या तिघांवरच तिचे बहुतेक परिच्छेद चालतात. कार्ल बेरायटर आणि मार्लिन स्कार्डामालिया या संशोधकांनी नवशिक्या लेखकांच्या पद्धतीला माहिती सांगत सुटण्याची पद्धत म्हटले आहे. एक गोष्ट आठवली की लिहायची, तिच्यावरून दुसरी आठवली की तीही लिहायची, आणि काही आठवेनासे झाले की थांबायचे. मुलीचे लेखन या वर्णनात तंतोतंत बसते. या वयात ते स्वाभाविकही आहे, पण त्यापुढचे पाऊल आपोआप पडेल असे मानण्याचे कारण दिसत नाही.

थोडक्यात, तिला विषय देणारा किंवा कल्पना सुचवणारा अभ्यासक्रम नको. वाक्ये सांधायला आणि परिच्छेदाचा क्रम ठरवायला शिकवणारा हवा. इथून पुढे प्रत्येक नमुना याच प्रश्नावर तपासायचा.

१५ फेब्रुवारी

नमुना-पाठ आणि वार्षिक आखणी मिळवून वाचणे चालू आहे. नावे वेगवेगळी असली तरी अभ्यासक्रमांची घराणी मोजकीच आहेत.

चालू मालिकेच्या पुढच्या भागात उताऱ्याची रूपरेषा काढायची आणि काही दिवसांनी तिच्यावरून मजकूर पुन्हा उभा करायचा, असे काम आहे. ते शिस्तशीर आहे, पण वाक्यपातळीवरचे शिक्षण त्यात मागील भागांत झाले आहे असे गृहीत धरलेले दिसते. मागील भागांत वाक्ये उतरवून घेण्याचा सराव झाला. ती घडवण्याचा फारसा झाला नाही.

लेखन-कार्यशाळेचे घराणे याच्या अगदी उलट टोकाला आहे. लेखन-शिक्षणाचे अभ्यासक डोनाल्ड ग्रेव्ह्ज यांच्या १९८३ मधील मांडणीनंतर ते शाळांत पसरले. मुलाने विषय स्वतः निवडावा, खर्ड्यामागून खर्डा करावा, शिक्षकाने शेजारी बसून बोलावे आणि वर्गाने ऐकावे, हा त्याचा गाभा आहे. त्यात मुलाला लेखकाचा मान मिळतो, आणि ही गोष्ट मी कमी लेखत नाही. पण ही पद्धत ऐकणाऱ्या सवंगड्यांवर उभी आहे. घरी एकच विद्यार्थिनी आणि तिचे तेच दोन श्रोते असतील, तर कार्यशाळेतील निम्मी यंत्रणा रिकामी फिरते. शिवाय जे स्वातंत्र्य ती देते, ते आमच्या मुलीकडे आधीच आहे. तिच्या गोष्टींच्या वहीत ड्रॅगन आणि वाळवीची राणी यांचा तह होऊन बराच काळ लोटला.

तिसरे घराणे मुख्य शब्दांचे आहे. उताऱ्यातील प्रत्येक वाक्यातून दोन-तीन शब्द टिपायचे, मूळ उतारा मिटायचा आणि टिपणावरून तो पुन्हा लिहायचा. ‘मुद्द्यांवरून गोष्ट लिहा’ या आपल्या ओळखीच्या प्रश्नाचाच हा विस्तारलेला प्रकार आहे. चौथे घराणे प्राचीन वक्तृत्वशास्त्राचे आणि पाचवे, तुलनेने अलीकडचे, वाक्यापासून सुरुवात करून परिच्छेदाकडे जाणाऱ्यांचे. शेवटच्या तिघांचे नमुना-पाठ प्रत्यक्ष करून पाहायचे आहेत.

२० फेब्रुवारी

मुख्य शब्दांच्या पद्धतीचा नमुना-पाठ केला. या पद्धतीचा एक प्रसिद्ध पूर्वज बेंजामिन फ्रँकलिन आहे. तरुणपणी ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकातील निबंध घेऊन प्रत्येक वाक्यातील आशयाची त्रोटक टिपणे तो करत असे, काही दिवस ती बाजूला ठेवत असे आणि मग मूळ न पाहता निबंध पुन्हा लिहून तो मुळाशी ताडून पाहत असे. पुढे तर तो टिपणे मुद्दाम विस्कटून काही आठवड्यांनी त्यांचा योग्य क्रम लावण्याचा सराव करू लागला. त्याच्या आत्मचरित्रात हे सगळे तपशिलाने आले आहे.

पण फ्रँकलिनला जे शिकवले ते मुळाशी केलेल्या तुलनेने आणि विस्कटलेल्या क्रमाने. आम्ही पाहिलेल्या अभ्यासक्रमात या दोन्ही गोष्टी जवळपास नाहीत. त्यांच्या जागी एक तपासणी-यादी आहे : परिच्छेदात एक ठसठशीत क्रियापद हवे, एक क्रियाविशेषण हवे, एक विशेषणवाक्य हवे. मुलीने यादी प्रामाणिकपणे पूर्ण केली आणि तिची वाळवी ‘अत्यंत लगबगीने आणि आश्चर्यकारकरीत्या’ माती वाहू लागली. लिहायला घाबरणाऱ्या मुलाला अशी यादी कदाचित हात धरून पुढे नेईल. इथे मात्र भिंतीला ओल असताना रंग लावल्यासारखे झाले.

टिपणे विस्कटून क्रम लावण्याचा सराव मात्र उचलून ठेवला आहे. त्यासाठी अभ्यासक्रम घ्यावा लागत नाही.

२३ फेब्रुवारी

वक्तृत्वशास्त्राच्या परंपरेतील प्राथमिक अभ्यासमालेत, इसवी सनाच्या चौथ्या शतकातील ग्रीक वक्तृत्वशिक्षक ॲफ्थोनियसच्या मांडणीप्रमाणे, १४ प्रकार आहेत. बोधकथेपासून सुरुवात होते, मग कथन, सुवचनाचा विस्तार, खंडन, मंडन, स्तुती, निंदा, तुलना, वर्णन असे करत करत अखेरीस कायद्याच्या प्रस्तावावरील चर्चेपर्यंत विद्यार्थी पोचतो. पायऱ्यांची रचना पाहून मी खरोखर हरखून गेले. प्रत्येक प्रकारात मागचा प्रकार वापरावा लागतो, आणि एकाच गोष्टीचे आधी खंडन मग मंडन करायला लावणे हे बारा-तेरा वर्षांच्या वादप्रिय मुलांसाठीच योजलेले वाटते.

तरी आत्ता नको. कथा आणि युक्तिवाद यांवर या मालेचा सगळा भर असून ‘हे असे का घडते’ हे समजावून सांगणाऱ्या लेखनाला, ज्यात मुलगी अडते त्यालाच, तिथे जागा कमी आहे. दोन वर्षांनी पुन्हा विचार करू.

२८ फेब्रुवारी

संशोधन काय सांगते ते तिच्या बाबांनी विचारले, म्हणून स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांचा लेखन-शिक्षणावरील २००७चा अहवाल पुन्हा काढला. चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांवरील प्रयोगांचे ते एकत्रित विश्लेषण आहे आणि त्यात निरनिराळ्या उपायांची सरासरी परिणामकता प्रमाण विचलनाच्या एककात दिली आहे (आकडा जितका मोठा तितका लेखनावर चांगला परिणाम जास्त, आणि उणे आकडा म्हणजे उलटा परिणाम). आखणी, पुनर्लेखन व संपादन यांच्या रीती स्पष्टपणे शिकवणे ०.८२, सारांशलेखन शिकवणे ०.८२, एकत्र मिळून लिहिणे ०.७५, लेखनापुढे नेमके उद्दिष्ट ठेवणे ०.७०, वाक्ये जोडण्याचा सराव ०.५०, नमुन्यांचा अभ्यास ०.२५. व्याकरणाच्या स्वतंत्र शिकवणीचा आकडा उणे ०.३२ आहे.

हे आकडे सरासरीचे आहेत आणि शाळेच्या वर्गांतून आलेले आहेत. एका घरातील एका मुलीला ते जसेच्या तसे लागू करण्यात अर्थ नाही. तरीही कल स्पष्ट आहे. चांगले नमुने समोर ठेवण्याचा उपयोग होतो, पण थोडा. काय करायचे ते उघडपणे शिकवण्याचा उपयोग त्याहून बराच मोठा. व्याकरणाचा आकडा पाहून बाबांनी शब्दांच्या जातींचे जाडजूड पुस्तक आणण्याचा आग्रह सोडला. मला वाटते, व्याकरण शिकवूच नये असा याचा अर्थ नाही. नाम-सर्वनाम ओळखता आल्याने वाक्य रचता येत नाही, एवढाच अर्थ घ्यावा.

५ मार्च

पाचव्या घराण्यातील अभ्यासक्रमाचा नमुना केला. ही रीत अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ज्युडिथ हॉकमन यांच्या कामामुळे विशेष ओळखली जाते. अर्धवट वाक्य देऊन ते ‘कारण’, ‘पण’ आणि ‘म्हणून’ यांनी तीन प्रकारे पूर्ण करायला लावणे हा तिचा एक ठळक सराव आहे. दिसायला अगदी किरकोळ असलेल्या या सरावाने मला सर्वांत जास्त माहिती मिळाली. ‘वाळवी मातीचे बोगदे बांधते’ या वाक्यापुढे ‘कारण’ आणि ‘म्हणून’ तिने झटकन पूर्ण केले. ‘पण’पाशी ती बराच वेळ थांबली आणि शेवटी तिने लिहिले : ‘वाळवी मातीचे बोगदे बांधते, पण तिच्या सगळ्या जाती तसे करत नाहीत, काही जाती ज्या लाकडात राहतात तेच खातात.’ एवढी माहिती तिच्याकडे होती, आणि एका अव्ययाने ती बाहेर काढली.

मग वाक्ये जोडण्याचा सराव मराठीत बेतून पाहिला. सुटी वाक्ये अशी दिली : ‘पाऊस पडून गेला. वाळवीचे पंखधारी कीटक बाहेर पडले. त्यांनी पंख गाळले.’ तिच्याकडून आलेल्या जोडण्यांपैकी दोन नोंदवते. ‘पाऊस पडून गेल्यावर जे पंखधारी कीटक बाहेर पडले, त्यांनी पंख गाळले.’ आणि ‘पाऊस पडून गेल्यावर बाहेर पडलेल्या पंखधारी कीटकांनी पंख गाळले.’ दुसरे वाक्य अधिक आटोपशीर आहे हे तिचे तिनेच सांगितले. पुढे, पंख गाळणे ही मुख्य गोष्ट नसून बाहेर पडणे मुख्य असेल तर वाक्य कसे बदलेल, यावर आमची बरीच चर्चा झाली. मला अभ्यासक्रमाकडून नेमके हेच संभाषण हवे होते.

मराठीकरणाचा अंदाजही आला. कारण, विरोध, परिणाम आणि काळ दाखवणारे सराव सहज उतरतात. उलट, मराठीत ‘-ऊन’, ‘-ताना’, ‘-ल्यावर’, ‘-ल्यामुळे’, ‘जो-तो’, ‘जरी-तरी’ अशी साधने इतकी आहेत की मूळ पुस्तकापेक्षा जास्त सराव तयार करता येतील. ‘-ऊन’ वापरताना कर्ता बहुधा एकच राहावा लागतो, हे मात्र स्वतंत्रपणे दाखवावे लागेल. नामानंतर स्वल्पविराम देऊन त्याचे वर्णन करण्याचा इंग्रजी सराव तसाच उतरवला तर कृत्रिम होतो, कारण मराठीत ते वर्णन सहसा नामाच्या आधी येते. तो पाठ गाळावा लागेल. मराठी सराव स्वतः तयार करण्याचे काम दर आठवड्याला माझ्याकडे येणार, ही या निवडीची खरी किंमत आहे.

९ मार्च

आज फक्त शिक्षक-पुस्तिका वाचल्या. मुलीचे पुस्तक कितीही आकर्षक असले, तरी कच्चा खर्डा हातात पडेल त्या दिवशी मी काय करायचे हे पुस्तिका सांगते का, हा माझा निकष होता. बहुतेक पुस्तिकांत आदर्श उत्तर छापलेले आहे. त्याचा उपयोग फार थोडा, कारण मुलीचा खर्डा आदर्श उत्तरासारखा नसणारच. वाक्यापासून सुरुवात करणाऱ्या अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत मुलांचे कमकुवत खर्डे दिलेले असून त्यांवर आधी काय बोलायचे आणि काय तूर्त सोडून द्यायचे हेही दाखवले आहे. माझ्या दृष्टीने निवड जवळजवळ इथेच झाली.

घरातील प्रतिसादाचा क्रमही यावरून ठरवला : आधी आशय, मग क्रम, मग वाक्य, आणि ऱ्हस्व-दीर्घ सर्वांत शेवटी, पक्क्या प्रतीच्या वेळी. शुद्धलेखनाच्या चुका वेगळ्या वहीत गटवार जमा करून त्यांचा सराव निराळ्या दिवशी घ्यायचा.

१२ मार्च

मुलीचे मत घेतले. तिला कार्यशाळेचा अभ्यासक्रम सर्वांत आवडला आणि वाक्यांचा ‘ठीक, पण चित्रे लहान मुलांची आहेत’ असा वाटला. तिची एकच अट आहे : गोष्टींची वही कोणीही तपासायची नाही, त्यातील चुकांवर बोलायचे नाही आणि सरावातले नियम तिथे लावायचे नाहीत. अट मान्य केली. त्यामुळे कार्यशाळेच्या घराण्यातील उत्तम भाग न विकत घेता घरात राहील.

१६ मार्च

निर्णय झाला. एका वर्षासाठी वाक्यापासून परिच्छेदाकडे जाणारा अभ्यासक्रम मुख्य म्हणून घ्यायचा आणि चालू मालिकेतील श्रुतलेखन आठवड्यातून एकदा चालू ठेवायचे. बाबांना श्रुतलेखन वाचून दाखवायला आवडते आणि तिला त्यांचा आवाज लावून वाचणे आवडते. एवढे कारण मला पुरेसे आहे.

आखणी अशी आहे. पहिल्या टप्प्यात फक्त वाक्ये : पूर्ण करणे, जोडणे, एकच आशय दोन प्रकारे मांडणे. दुसऱ्यात एकाच परिच्छेदाचा आराखडा, म्हणजे मुख्य वाक्य, त्याला आधार देणारे तपशील आणि समारोप, आणि सोबत विस्कटलेल्या टिपणांचा क्रम लावणे. तिसऱ्यात सारांशलेखन. अनेक परिच्छेदांचा निबंध वर्षाच्या शेवटच्या भागाआधी घ्यायचा नाही, मग पुस्तकाचे वेळापत्रक काहीही म्हणो. सरावाचा विषय प्रत्येक वेळी तिच्या विज्ञान किंवा इतिहासाच्या चालू वाचनातूनच निघेल. पुस्तकातील तयार विषय वापरायचे नाहीत, कारण ज्याबद्दल काही माहीत नाही त्याबद्दल सांधेसूद वाक्य रचता येत नाही.

ऑगस्टमध्ये तीच चाचणी नव्या उताऱ्यांवर पुन्हा घ्यायची. सांगून लिहवलेल्या आणि स्वतः लिहिलेल्या मजकुरातील अंतर कमी झाले नसेल, ‘मग’चे राज्य कायम असेल, तर पुस्तक अर्ध्यावर असले तरी निवडीचा फेरविचार करायचा.

१९ मार्च

एक मुद्दा शिल्लक होता : हाताने लिहायचे की संगणकावर. ग्रॅहम-पेरिन यांच्या अहवालात संगणकावर लिहिण्याचा आकडा ०.५५ आहे, आणि वाक्ये हलवून पाहण्यासाठी संगणक सोयीचा आहे यात शंका नाही. पण देवनागरी टंकलेखन तिला अजून येत नाही. अक्षर शोधण्यात लक्ष गेले, तर वाक्यासाठी ते उरणार नाही. म्हणून पहिला टप्पा वहीतच होईल. वाक्यांच्या सरावासाठी कागदाच्या पट्ट्या कापून ठेवल्या आहेत, म्हणजे जागा बदलताना खोडावे लागणार नाही. देवनागरी टंकलेखनाच्या इन्स्क्रिप्ट कळफलकाचा सराव लेखनाच्या तासाबाहेर, रोज थोडा वेळ, मे महिन्यापासून सुरू करायचा आहे आणि ते शिकवण्याची जबाबदारी बाबांनी घेतली आहे.